मतदाराची कसोटी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात झालेले व्याख्यान. स्मरणिकेसाठी वक्त्याने काही ठिकाणी विस्तार केला आहे.)



विद्यार्थ्यांचा सत्कार, नव्या सभासदांचा परिचय आणि हिशेबाचे वाचन झाल्यावर जो वक्ता उभा राहतो, त्याच्याकडे श्रोते भोजनाची वेळ जवळ आल्याच्या भावनेनेच पाहत असतात, हे मला ठाऊक आहे. तेव्हा प्रस्तावना न लांबविता मी विषयाकडे वळतो. सामान्य मतदाराविषयी राजकारणी पुरुषांच्या मनात जो एक समज रूढ होऊन बसला आहे, तो वारंवार कसा खोटा ठरला, आणि त्याच समजात आपली ज्ञातिसंस्थाही नकळत कशी सापडली आहे, याविषयी मला बोलावयाचे आहे. या व्यासपीठावर पक्षीय राजकारण वर्ज्य आहे आणि ते योग्यच आहे. मी कोणत्याही पक्षाची बाजू मांडणार नाही. पुढे सर्वच पक्षांच्या फजितीचा उल्लेख येणार असल्यामुळे कोणी रागावण्याचे कारण नाही.

विषय सुचला तो एका प्रसंगावरून. विधानसभेची मागील निवडणूक जवळ आली होती. एके सायंकाळी एक उमेदवार आपल्या चार सहकाऱ्यांसह आपल्या ज्ञातिगृहात आले. त्यांचे नाव, गाव, पक्ष सांगण्याचे प्रयोजन नाही. चहापाणी झाले. वसतिगृहाच्या निधीविषयी आस्थेने चौकशी झाली. मग त्यांच्या एका सहकाऱ्याने सरळच विचारले, "तुमच्या समाजाची मते किती?" आपल्या चिटणीसांनी सभासद नोंदवही काढली. नोंदवहीत त्या मतदारसंघातील ९०० कुटुंबे. घरटी ४ मते धरली, आणि ३६०० हा आकडा कागदावर मांडला गेला. उमेदवारांचा चेहरा उजळला. "संस्थेच्या नावाने पाठिंब्याचे पत्रक तेवढे काढा, निधीचे आम्ही पाहतो," असे ते म्हणाले. मी कोपऱ्यात बसलो होतो. हे सर्व मला त्या वेळी विशेष वावगे वाटले नाही, हे मी कबूल करतो.

त्याच वेळी भगिनी मंडळाच्या एक वयस्क काकू हळदीकुंकवाच्या खर्चाचा हिशेब घेऊन आल्या होत्या. त्यांच्या यजमानांचे लहानसे दुकान आता मुलगा चालवितो. त्या म्हणाल्या, "साहेब, एक विचारू का? हॉलमार्कचा शिक्का घ्यायला आमच्या मुलाला दागिने घेऊन जिल्ह्याच्या गावी जावं लागतं. चाळीस लाखांच्या आतल्या दुकानाला सूट आहे म्हणतात. पण आजच्या भावानं वर्षाला अर्धा किलोच्या आसपास सोनं विकलं की चाळीस लाख झालेच. आणि सूट असली तरी गिऱ्हाईक शिक्क्याशिवाय दागिना हातात धरत नाही. मग ही मर्यादा भावाबरोबर वाढायला नको का? तुम्ही निवडून आलात तर हे कुठं मांडाल?"

उमेदवार क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "मावशी, ते आपण नक्की बघू." काकूंनी हिशेबाचा कागद खजिनदारांच्या पुढे ठेवला आणि जाता जाता एवढेच बोलल्या, "मोजताना माझंही मत धरलंत ना त्या चारांत? मी अजून ठरवलेलं नाही."

मंडळी, ज्या नियमाविषयी काकू बोलत होत्या तो जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला, आणि एप्रिल २०२३ पासून प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षरांकी ओळखक्रमांक सक्तीचा झाला. कायदे करण्याच्या सभेत जाऊ इच्छिणाऱ्या गृहस्थांना त्याची वार्ता नव्हती; कधीही सभेत न बोललेल्या बाईंना तो नियम, त्यातील सूट आणि त्या सुटीतील उणीव या तिन्ही गोष्टी ठाऊक होत्या. आम्ही मात्र त्यांना एका आकड्याचा चौथा हिस्सा म्हणून मोजून मोकळे झालो होतो.

हा समज आजचा नाही. स्वातंत्र्यापूर्वी १९३५ च्या कायद्याखाली मताचा अधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्याशी बांधलेला होता. बहुसंख्य जनता मतदानास अपात्र आहे, असेच राज्यकर्त्यांचे गृहीतक होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली, तेव्हा ती अनेक सुशिक्षितांना अव्यवहार्य वाटली होती. पुढे संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मत दिले, आणि ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदार सुमारे १७ कोटी ३० लाख. १९५१ च्या जनगणनेप्रमाणे साक्षरतेचे प्रमाण अवघे १८ टक्क्यांच्या आसपास. हा देश जुगार खेळत आहे, असे परदेशांतील आणि येथील अनेक विद्वानांचे मत होते.

पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी निरक्षरतेवर उपाय योजला तो साधा होता. प्रत्येक उमेदवारास स्वतंत्र पेटी, आणि पेटीवर चिन्ह. ज्यास अक्षर ओळखता येत नाही त्यास बैलजोडी ओळखता येते. परंतु त्या निवडणुकीतील एक गोष्ट आपल्या भगिनींनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मतदारयाद्या करताना उत्तरेकडील कित्येक प्रांतांत असंख्य स्त्रियांनी आपले नाव न सांगता अमक्याची पत्नी, तमक्याची आई एवढीच ओळख दिली. सेन यांनी अशी नोंद मान्य केली नाही. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. निर्णय कठोर होता. परंतु त्याचा अर्थ असा होता की, मत हे घराचे नसून माणसाचे आहे, आणि माणसास नाव असते.

त्या निवडणुकीत सुमारे ४५ टक्के मतदान झाले. निरक्षरांनी गोंधळ घातला नाही, पेट्या फोडल्या नाहीत. उलट मोठमोठ्या नावांचा मुलाहिजा न धरता निवड केली. मुंबई राज्याचे तत्कालीन गृहमंत्री मोरारजी देसाई विधानसभेच्या निवडणुकीत अवघ्या १९ मतांनी पराभूत झाले. ज्या बाबासाहेबांनी या अधिकारासाठी आयुष्य वेचले, त्यांनाही उत्तर मुंबईत पराभव पत्करावा लागला. मतदार नेहमी न्यायानेच वागतो असा माझा दावा नाही, हे यावरून दिसेल. माझा दावा इतकाच की, तो कोणाच्या खिशात नसतो.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. १ नोव्हेंबर १९५६ रोजी महाद्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले. मराठी जनतेचा क्षोभ तात्पुरता आहे, चार पुढाऱ्यांनी पेटविलेला आहे, निवडणुकीपर्यंत तो विझेल, असा दिल्लीचा होरा होता. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसची जी धूळदाण उडविली, ती आपल्यापैकी ज्येष्ठांच्या घरी आजही सांगितली जाते. स्वतः यशवंतराव चव्हाण कराडमधून अल्प मताधिक्यानेच निवडून आले. गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा यांच्या बळावर काँग्रेसचे राज्य टिकले. परंतु संदेश पोहोचला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले.

येथवरची कथा सर्वांस ठाऊक आहे. तिचा उत्तरार्ध मात्र फारसा कोणी सांगत नाही. १९६२ च्या निवडणुकीत त्याच मतदारांनी काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा दिल्या. ज्यांनी समितीला डोक्यावर घेतले होते, त्यांनीच पाच वर्षांत तिला बाजूस सारले. यास कृतघ्नता म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. मतदाराने १९५७ मध्ये एक प्रश्न सोडविण्यासाठी समितीस मत दिले होते. प्रश्न सुटला, काम संपले. विरोधकांना ते मत आपल्या मालकीचे वाटले आणि ते फसले. पाच वर्षांपूर्वी सत्ताधारी ज्या कारणाने फसले होते, नेमके त्याच कारणाने.

याहून सूक्ष्म उदाहरण गोव्याचे आहे. गोमंतकात आपले अनेक आप्त असल्यामुळे मी ते थोडे विस्ताराने सांगतो. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने सत्ता मिळविली आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण हा त्या पक्षाचा मुख्य पुकारा होता. महाराष्ट्रातील पुढाऱ्यांनी सरळ हिशेब केला की, ज्याने या पक्षाला मत दिले त्याने विलीनीकरणाला मत दिले. गोवा आता आपलाच, फक्त शिक्का उमटावयाचा बाकी आहे. आपल्या चिटणीसांनी ९०० ला ४ ने गुणले, तसाच हा गुणाकार होता.

केंद्र सरकारने जनमत कौलाचा कायदा केला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणास फूल हे चिन्ह, केंद्रशासित राहण्यास दोन पाने. मतदानाचे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले. फुलाला १,३८,१७० मते पडली आणि दोन पानांना १,७२,१९१. म्हणजे ३४,०२१ मतांच्या फरकाने गोव्याने विलीनीकरण नाकारले. महाराष्ट्रात अनेकांना हा धक्का होता. गोमंतकीय जनता मराठीला विन्मुख झाली, असे त्या वेळी पुष्कळांनी म्हटले. वस्तुतः विलीनीकरणाच्या विरोधात अग्रभागी असलेले 'राष्ट्रमत' हे दैनिक मराठीतच निघत होते. लोकांनी मराठी वाचली, मराठीत वाद घातला, आणि मराठीतूनच नकार दिला.

पण खरी गंमत पुढे आहे. दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. ज्या गोव्याने विलीनीकरण नाकारले होते, त्याच गोव्याने विलीनीकरण मागणाऱ्या पक्षाला ३० पैकी १६ जागा देऊन पुन्हा सत्तेवर बसविले, आणि बांदोडकर १९७३ मध्ये निधन होईपर्यंत मुख्यमंत्री राहिले. यात जागांच्या वाटणीचा आणि गणिताचा भाग होता, हे मान्य. तरीही लोकांनी दोन प्रश्न दोन म्हणून ओळखले, हे नाकारता येत नाही. राज्य कोणी करावे, हा एक प्रश्न. आपले घर शेजारच्या मोठ्या घरात मिळवावे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ज्यांच्या बाजूने गेले, त्यांनी दुसऱ्याचेही गृहीत धरले होते. आपल्या ज्ञातीतही तेव्हा दोन्ही बाजूंची माणसे होती. एकाच देवघरासमोर हात जोडून एक भाऊ फुलाकडे गेला आणि दुसरा दोन पानांकडे, अशी घरे मला माहीत आहेत. गठ्ठा तेव्हाही नव्हता.

त्याच वर्षी मुंबईत दुसरा चमत्कार घडला. स. का. पाटील हे मुंबईचे अनभिषिक्त सम्राट मानले जात. ते केंद्रात रेल्वेमंत्री होते, निधीची आणि कार्यकर्त्यांची त्यांना वाण नव्हती. त्यांच्यासमोर दक्षिण मुंबईत उभे होते जॉर्ज फर्नांडिस नावाचे कामगार पुढारी. पाटलांचा पराभव अशक्य आहे, हेच वाक्य फर्नांडिसांनी प्रचाराचे साधन केले आणि तो पराभव आपल्याच हाती आहे, असे मतदारांना सांगितले. मतदारांनी तो करून दाखविला. त्याच निवडणुकीत काँग्रेसचे अध्यक्ष कामराज यांना त्यांच्या स्वतःच्या गावी, विरुधुनगर येथे, एका विद्यार्थी नेत्याने हरविले.

१९७७ ची गोष्ट आपणांस माहीत आहे, म्हणून मी तिचा एकच पैलू सांगतो. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि वृत्तपत्रांवर नियंत्रण बसले. जनतेला काही कळणार नाही, असा त्यामागे विचार. जानेवारी १९७७ मध्ये इंदिराजींनी निवडणूक जाहीर केली. निकाल लागला तेव्हा उत्तर प्रदेशातील ८५ आणि बिहारमधील ५४ जागांपैकी एकही त्यांच्या पक्षास मिळाली नव्हती. रायबरेलीत त्या स्वतः पराभूत झाल्या. ज्या खेड्यांत वृत्तपत्र जातच नव्हते, तेथे सक्तीच्या नसबंदीची वार्ता माणसामाणसांतून पोहोचली होती. वृत्तपत्रांचे तोंड बांधल्याने लोक अंधारात राहिले नाहीत. अंधारात राहिले ते राज्यकर्ते, कारण लोकांचे मन कळण्याची खिडकी त्यांनीच बंद केली होती. आणि ज्या दक्षिणेत जुलमाची झळ तितकी लागली नव्हती, तेथे आंध्रातील ४२ पैकी ४१ जागा त्याच पक्षास मिळाल्या. पुढे विजेत्यांनी आपसांत भांडून राज्य मोडले, तेव्हा १९८० मध्ये जनतेने इंदिराजींना ३५३ जागा देऊन परत आणले. लाट आली, लाट गेली, असे म्हणणे सोपे असते. प्रत्येक लाटेला कारण होते आणि ते मतदाराला सांगता येत होते.

कर्नाटकातील मतदारांनी तर तीन महिन्यांत हा विवेक दाखविला. डिसेंबर १९८४ मध्ये त्यांनी लोकसभेच्या २८ पैकी २४ जागा काँग्रेसला दिल्या. रामकृष्ण हेगडे यांनी नैतिक जबाबदारी मानून विधानसभा विसर्जित करविली, आणि मार्च १९८५ मध्ये त्याच मतदारांनी हेगडे यांच्या जनता पक्षास २२४ पैकी १३९ जागा दिल्या. २००४ मध्ये भारत उजळून निघाला आहे अशा जाहिराती देऊन निवडणूक मुदतीपूर्वी घेणाऱ्या सरकारचे काय झाले, हे आपण पाहिले. आणि आपल्या राज्यात २०२४ च्या उन्हाळ्यात लोकसभेला लागलेला कौल आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेला लागलेला कौल यांत किती अंतर होते, तेही पाहिले. जून महिन्यात ज्यांनी गुलाल उधळला त्यांना नोव्हेंबरात तो झटकावा लागला. दोन्ही वेळा हरलेल्यांनी मतदारास भोळा म्हटले आणि जिंकलेल्यांनी सुज्ञ. मतदार तोच होता.

आता प्रश्न असा की, सामान्य मनुष्यास हे कळते तरी कसे? त्याने अर्थसंकल्प वाचलेला नसतो. खासदाराचे नावही काही वेळा त्यास सांगता येत नाही. यावरूनच त्यास अज्ञ ठरविले जाते. येथे आपल्या व्यवसायाचा दाखला मला उपयोगी पडतो. आपल्या आजोबांना धातुशास्त्र येत नव्हते. परंतु कसोटीच्या दगडावर सोन्याची एक रेघ ओढली की शुद्धता किती, हे ते सांगत. त्यांचे ज्ञान पुस्तकात नव्हते, बोटांत आणि डोळ्यांत होते. म्हणून ते ज्ञान नव्हते असे कोण म्हणेल? मतदाराचेही तसेच आहे. रेशनच्या दुकानात माप बरोबर येते की नाही, तलाठ्याकडे उतारा मिळावयास किती खेपा पडतात, नळाला पाणी किती वाजता येते, कांदा विकताना काय भाव मिळतो आणि विकत घेताना काय द्यावा लागतो, या दगडावर तो प्रत्येक सरकारची रेघ ओढून पाहत असतो. मग एस.टी.च्या थांब्यावर, पिठाच्या गिरणीत, लग्नाच्या पंगतीत ती रेघ इतरांच्या रेघेशी ताडून पाहिली जाते. भाषणे तो ऐकतो, टाळ्याही वाजवितो, जेवण असेल तर जेवतोही; परंतु टाळी म्हणजे मत नव्हे, हे त्यास पुढाऱ्यापेक्षा अधिक पक्के माहीत असते.

सुवर्ण नियंत्रणाची आठवण येथे अटळ आहे. चीनच्या आक्रमणानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजीभाई अर्थमंत्री असताना हे नियम आले. १४ कॅरेटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. परकीय चलन वाचावे, चोरटी आयात थांबावी, लोकांची सोन्याची ओढ कमी व्हावी, असा हेतू होता. तो वाईट होता असे मी म्हणणार नाही. परंतु लोक सोने का घेतात, हे लोकांस विचारण्याची गरज कोणास वाटली नाही. ती केवळ हौस आहे आणि हौस फिरविता येते, असे गृहीत धरले गेले. २२ कॅरेटच्या दागिन्यात शंभरात सुमारे ९२ भाग सोने असते, १४ कॅरेटमध्ये ५८. ज्या घरात बँक पोहोचली नव्हती, त्या घरातील बाईला अडीनडीच्या वेळी कोणता दागिना उपयोगी पडेल, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ लागत नव्हता. तिने १४ कॅरेट घेतलेच नाही. चोरटा व्यापार थांबला नाही. थांबल्या त्या आपल्या घरांतील भट्ट्या. ऐरणीवरचा हात मोकळा पडला, आणि कित्येक कारागीर कुटुंबांनी पिढीजात धंदा सोडून मिळेल ती नोकरी पत्करली. १९६६ मध्ये १४ कॅरेटची अट गेली, १९६८ च्या कायद्याने नियंत्रण मात्र राहिले, आणि राजापूरचे खासदार मधु दंडवते अर्थमंत्री असताना १९९० मध्ये तो कायदा रद्द झाला. जे घरातील बाईला पहिल्या दिवशी कळले होते, ते सरकारास कळावयास २७ वर्षे लागली. सामान्यांस अज्ञ समजण्याची किंमत कोण देतो, हे आपल्या समाजाला निराळे सांगावयास नको.

या सर्वांवर आक्षेप येईल की, हे चित्र फार गोंडस आहे. पैसे वाटले जातात, ते घेतलेही जातात. जातीच्या नावाने मते मागितली जातात आणि मिळतातही. हातातील फोनवर सकाळ-संध्याकाळ खोट्या बातम्या येतात आणि शिकलेली माणसेही त्या पुढे पाठवितात. हे सर्व खरे आहे. मी निवृत्तीपूर्वी शिक्षक या नात्याने अनेक निवडणुकांत केंद्राध्यक्षाचे काम केले आहे. मतदार म्हणजे देवमाणूस, असा माझा भ्रम नाही. कसोटीच्या दगडावरही कधी तेल चढते आणि रेघ फसवी उमटते. परंतु दगडावर तेल चढले म्हणून कोणी सोनार दगड फेकून देत नाही. तो पुसून घेतो. मतदारास खोटे सांगितले जाते, याचा उपाय त्यास अधिक खरे सांगणे हा आहे. त्यास काही सांगूच नये, केवळ मोजावे, हा नव्हे.

आणि अज्ञ कोणास म्हणावे, याचाही एकदा विचार करू. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोलीच्या जंगलांत, मैलोगणती चालून आलेल्या मतदारांनी मतदानाचे प्रमाण ७० टक्क्यांच्या पुढे नेले. त्याच निवडणुकीत दक्षिण मुंबईत ते कसेबसे ५० टक्क्यांपर्यंत पोहोचले. आपली कितीतरी पदवीधर मंडळी त्या दक्षिण मुंबईत आणि उपनगरांत राहतात. खेड्यातल्या माणसाला काय कळते, असे दिवाणखान्यात बसून म्हणणाऱ्यांपैकी किती जणांच्या बोटास त्या दिवशी शाई लागली होती, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी पाहावे.

आता मी मूळ मुद्द्याकडे, म्हणजे आपल्या घराकडे, येतो. राजकारणी आपल्याला गठ्ठा समजतात याचा आपणांस राग येतो. परंतु त्या सायंकाळी गठ्ठा बांधला कोणी? नोंदवही आपली, गुणाकार आपला, सुतळीही आपलीच. आपल्या संस्थेच्या निवडणुकीत आजही कुटुंबास एक मत आहे आणि ते कुटुंबप्रमुखाने द्यावयाचे आहे. १९५१ मध्ये सुकुमार सेन यांनी अमक्याची पत्नी ही नोंद नाकारली. आपल्या नोंदवहीत मात्र ती नोंदसुद्धा नाही, केवळ "एकूण व्यक्ती ४" असा रकाना आहे. ज्या काकूंनी उमेदवारास निरुत्तर केले, त्यांना राष्ट्राचे सरकार निवडता येते, संस्थेचा खजिनदार निवडता येत नाही. ही विसंगती नव्हे काय?

त्या पत्रकाविषयी शेवटी काय झाले, हे सभासदांस कळणे आवश्यक आहे. कार्यकारी मंडळात त्यावर दोन बैठका झाल्या आणि मतभेद तीव्र होते. वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्याचे काम पैशाअभावी अडले आहे. आपल्या खेड्यांतील मुलांना शहरात राहावयास जागा नाही. ज्यांनी पत्रक काढावे असे म्हटले, त्यांच्या मनात स्वार्थ नव्हता, ती मुले होती. हे मी आवर्जून सांगतो, कारण नंतर त्यांच्याविषयी काही अनुचित बोलले गेले. तरीही मंडळाने पत्रक काढले नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ याच्या कलम १२३(३) प्रमाणे जातीच्या आधारे मत मागणे हा भ्रष्टाचार ठरतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी बहुमताने त्या कलमाचा अर्थ अधिक व्यापक केला आहे, हे एक कारण होतेच. परंतु कायदा नसता तरी ते पत्रक खोटेच ठरले असते. जे मत आपल्या हाती नाही, ते आपण कसे देणार? दुसऱ्याचा दागिना गहाण ठेवणाऱ्यास आपल्या बाजारात काय म्हणतात, ते आपण जाणता.

निधी आला नाही. दुसरा मजला अजून अपुरा आहे. ही किंमत खरी आहे आणि ती आपण मिळून भरली पाहिजे. म्हणून केवळ उपदेश करून न थांबता मी तीन सूचना आपणांपुढे ठेवतो. पहिली, पुढील सर्वसाधारण सभेत घटनादुरुस्ती करून प्रत्येक प्रौढ सभासदास, स्त्री असो वा पुरुष, स्वतःच्या नावाने नोंद आणि स्वतःचे मत द्यावे. दुसरी, संस्थेने कोणत्याही निवडणुकीत पाठिंब्याचे पत्रक काढू नये, हा ठराव लेखी करून ठेवावा, म्हणजे पुढच्या मंडळांवर दडपण येणार नाही. तिसरी, निवडणुकीच्या वेळी सर्व पक्षांच्या उमेदवारांना याच सभागृहात बोलवावे. त्यांनी भाषण करू नये, सभासदांनी प्रश्न विचारावेत आणि त्यांनी उत्तरे द्यावीत. प्रश्न विचारण्याचा पहिला मान भगिनी मंडळाचा असावा. आणि वसतिगृहासाठी, जे पत्रक काढू इच्छित होते आणि जे विरोधात होते, अशा दोन्ही बाजूंच्या सभासदांनी एकत्र यादी घेऊन घरोघर जावे. यादीत पहिले नाव मी माझे लिहिले आहे. रक्कम लहान आहे, शिक्षकाच्या निवृत्तिवेतनास साजेल एवढीच.

सोन्याची किंमत वजनाने ठरते असे लोक म्हणतात. आपण सोनार आहोत. ती आधी कसाने ठरते आणि मग वजनाने, हे आपल्या घरातील लहान मुलासही माहीत आहे. समाजाची किंमतही त्याची मते किती, यावरून ठरावी असे मला वाटत नाही. त्या मतांमागे विचार किती आहे, हे पाहिले जावे. ३६०० चा गठ्ठा म्हणून आपणांस कोणी मोजले तर तो एका सायंकाळचा मान आहे; ३६०० विचार करणारी माणसे म्हणून आपली धास्ती वाटली, तर तो कायमचा.

 

जय हिंद! जय महाराष्ट्र!